जमनीचा फेटिया

दुसरी घंटा झाली आणि मुख्य नटीच्या घागऱ्याची शिवण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवली. शिंपी खाली चहाला गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

सलील घामाघूम झाला. यवतमाळात नाटकाचे कपडे म्हटलं की त्याचंच नाव निघे, पण आजची गोष्ट वेगळी होती. मुंबईचा एक मोठा दिग्दर्शक प्रयोगाला येऊन बसला होता. तो नटांकडे नाही, कपड्यांकडे बघणार होता.

मग त्याला जमनी आठवली. नाचणाऱ्या मुलींतल्या समीक्षाची ही आजी, आर्णीजवळच्या तांड्यावरची. नात काम करते म्हणून एसटीने आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. सलीलने तिला आत बोलावून घेतलं, हातात सुई दिली आणि घागरा दाखवला.

म्हातारी खाली बसली. उसवलेली कड तिने बोटांत धरली, आरशांच्या टिकल्यांवरून अंगठा फिरवला आणि थांबली. मग तिने मान वर करून बाकीच्या मुलींकडे पाहिलं. प्रत्येकीच्या घागऱ्याला खाली त्याच भरतकामाची एकेक पट्टी होती. समीक्षाच्यासुद्धा.

"भाऊ, हा तं माहा फेटिया हाय," ती म्हणाली.

समीक्षा भिंतीकडे बघू लागली. आजीचा हा फेटिया, भरतकामाचा बंजारा घागरा, तिनेच आणून दिला होता, नुसता नमुना म्हणून. पाहून परत करतो असं सलील म्हणाला होता. आजीने तो लग्नाआधी स्वतः भरलेला, सणासुदीलाही आता न काढता जपलेला. आपल्याला जाळताना हाच नेसवायचा, असं तिने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. समीक्षाने हेही सलीलला तेव्हाच सांगितलं होतं. पण फेटियाचा घेर एवढा मोठा, की एकातून सगळ्या मुलींचं भागत होतं. शिंप्याच्या हातावर भरवसा नव्हता, म्हणून सलीलने तो स्वतः कापला होता.

"आजी, पेटीत कसर लागली असती त्याला," तो म्हणाला. "आज हजार माणसं बघतील तुमचं काम. आधी हे टाचा, मग बोलू."

जमनीने सुईत दोरा ओवला. नटी उभ्या उभ्या मोबाइलवर बोलत होती. सुई टोचू नका हं, एवढं तिने मध्येच वाकून सांगितलं. म्हातारीने गुडघ्यापासून वर कमरेपर्यंत शिवत आणलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. सलीलने दिवा जवळ धरून पाहिलं. जुना टाका कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, त्याला सांगता येईना.

तिसरी घंटा झाली. मुली विंगेत पळाल्या. समीक्षा दारात घुटमळली, तेव्हा आजीने हातानेच तिला जा म्हटलं.

खोलीत दोघंच उरली. बाहेर ढोलकी सुरू झाली आणि टाळ्या पडल्या, कपड्यांनाच पडल्या, कारण अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं. सलील स्टुलावर बसला. आता कुठे त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळाली होती. त्याने तिला पाणी दिलं, आणि तांड्यावर असं जुनं काम आणखी कोणाकडे असेल का, म्हणून आदराने विचारलं.

जमनीने पेला खाली ठेवला.

"माह्या बहिणीचा होता. याच्याहून चांगला. मांगच्या उन्हायात मेली थे. तिच्या आंगावरच जळला."

सलीलला मनापासून वाईट वाटलं.

"अरेरे," तो म्हणाला. "मला आधी कळवायचं ना कोणीतरी."