आमोदचं येणं-जाणं

आमोदच्या तेराव्याला आमोद स्वतः आला आणि पंगतीत पृथ्वीराजशेजारी बसून जिलबी मऊ पडल्याची तक्रार करू लागला. पृथ्वीराजचा घास हातातच राहिला. समोरून अवनीही आमोदकडेच बघत होती. बाकी कोणी बघत नव्हतं. मामा तर मठ्ठ्याचं भांडं घेऊन त्याच्या आरपार निघून गेले.

तेव्हापासून तो रोज दुपारी येऊ लागला. कॉलेज सुटलं की अवनी आणि पृथ्वीराज त्याच्या घरी जायचे आणि हा स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखा उगवायचा. त्याची आई, वासंतीकाकू, खिचडी आणून ठेवायच्या. माणसं दोन, बशा तीन. “लिंबू नाही हं, यायचंय अजून,” असं रोज म्हणायच्या. दुःखात माणसाचं असं होतं, अवनी म्हणाली. तिसरी बशी पृथ्वीराज संपवायचा.

लिंबांबद्दल काकूंशी बोलायची सोय नव्हती. आमोद लिंबं आणायलाच मंडईत गेला होता आणि टेम्पोवरून सुटलेला फणस डोक्यात पडून वारला होता. भेटायला येणारे रडवेल्या तोंडाने आत येत आणि जिन्यात गेल्यावर एकमेकांना विचारत, फणस? नक्की?

पण आता गंमत राहिली नव्हती. दर खेपेला आमोद थोडा कमी होऊन यायचा. आधी सावली गेली. मग कान. आता गुडघ्यांखाली काही नव्हतं आणि आठवणीही गळायला लागल्या होत्या. काल त्याने अवनीला तिचं नाव विचारलं आणि लगेच सॉरी म्हणाला. असाच येत राहिला, तर शेवटी जायला काही शिल्लकच राहणार नव्हतं.

“मला कळतच नाहीये यार,” तो म्हणाला. “मी इथून नीट निघतो. बऱ्यापैकी वर जातो. आणि मग बघतो तर पुन्हा आपलंच दार.”

दोघांनी सगळं करून पाहिलं. पृथ्वीराजने लोणी काळभोरहून आजीने दिलेला अंगारा आणला. आमोद शिंकला. काही इच्छा राहिली असेल म्हणून अवनीने त्याचं फिजिक्सचं अर्धवट जर्नल पूर्ण केलं. ही माझी इच्छा कधीच नव्हती, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग उठला आणि दाराकडे तरंगत म्हणाला, “चला, येतो.”

अवनी एकदम ताठ झाली. “काय म्हणालास?”

“येतो.”

“आणि लिंबांना गेलास तेव्हा?”

“तेव्हाही येतोच म्हणालो. जातो कोण म्हणतं?”

खरं होतं. निघताना जातो म्हणायचं नाही, हे घरोघरच्या आया पोरांना बोबडं बोलायच्या वयापासून शिकवतात. वासंतीकाकूंनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. त्यात आमोद शब्दाचा पक्का. येतो म्हणायचा, म्हणून येत होता.

“जातो म्हण, आम्या,” पृथ्वीराज म्हणाला. “येवढंच हाय बघ. मोकळा होशील.”

आमोदने प्रयत्न केला. जीभ ‘ये’वरच जायची. दोनदा तर तो ‘येतो’ म्हणता म्हणता राहिला. अवनी त्याच्याकडून शाळेतल्या बाईंसारखं म्हणवून घेत होती. तिला तो जायला नकोच होता. पण तो तिचं नाव विसरला होता, आणि उद्या स्वतःचंही विसरला असता.

अखेर तो उंबऱ्यावर थांबला. दोघांना हात केला.

“जातो,” आमोद म्हणाला.

त्याचे कान परत आले. गुडघ्यांखाली पाय आले. पायांमागे फरशीवर सावली पडली. “अवनी,” तो आठवून म्हणाला, आणि हसला. मग तो अख्खाच्या अख्खा, हळूहळू, उन्हात फिका होऊ लागला.

स्वयंपाकघरात ओट्यावर बशी ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरी. मग तिसरी.

“जातो काय म्हणतोस, मेल्या?” आतून वासंतीकाकू म्हणाल्या. “येतो म्हणावं.”