आईच्या कपाळावरची टिकली

शाल्मलीची पाळी कधी महिनोन्‌महिने दडी मारायची, म्हणून डॉक्टरांनी तिला घामातून हार्मोन वाचणारी टिकली दिली होती. आज सकाळी त्या टिकलीने मोबाइलवर कळवलं, 'रजोनिवृत्ती जवळ आली आहे.'

सोळाव्या वर्षी? तोंडात ब्रश तसाच धरून ती स्वयंपाकघरात धावली.

"आई, मी म्हातारी झाले."

"आधी चूळ भर," पोळी लाटता लाटता आई म्हणाली. भर थंडीत तिच्या मानेवरून घाम निथळत होता. आणि कपाळावर होती शाल्मलीची जाडसर, मरून रंगाची टिकली!

"ही कुठून घेतलीस?"

"आरशावर चिकटवलेली होती, परवा लावली. का गं?"

शाल्मलीने आपलं कपाळ चाचपलं. तिथे आईची साधी टिकली होती. ती मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. "अगं, म्हणजे हा निरोप तुझा आहे."

तिने मोबाइल पुढे धरला. आईने वाचलं आणि लाटणं बाजूला ठेवलं.

"म्हणजे हा घाम, ही चिडचिड त्यामुळे होय? मला वाटलं, माझा स्वभावच नासला."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"गप गं. संध्याकाळी दोघी जाऊ डॉक्टरांकडे. मला मात्र हिरवी टिकली घे."