डिकीतली खडखड
जळकोटहून लातूरला निघालेली गाडी भारत मिस्त्रीच्या गॅरेजसमोर थांबली तेव्हा माधवरावांना घाम फुटला होता. मागून खडखड येत होती; अकराच्या आत लेकीनं हजेरी दिली नाही तर कोचिंगच्या होस्टेलातली जागा जाणार होती. शॉकअप, सायलेन्सर, चाकं ठणठणीत निघाली. शेवटी भारत स्वतःच डिकीत सामानाशेजारी आडवा झाला. "झाकण लावा, चालवा." अंधारात भूकंपातल्या ढिगाऱ्याखालची ती पहाट त्याच्या छातीवर बसली, पण कान जागे होते. खडखड पोरीच्या ट्रंकेत होती. उघडली तर परात, तांब्या, वाटी. "आईनं टाकलंय," पोरगी ओशाळली. "उशाशी एकावर एक रचायचं, जमीन हलली की वाजतंय. मुली हसतील काका, इथंच ठेवा." भारतनं भांडी टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. "खोलीत आधी हेच मांड, पुस्तकं मागून. किल्लारीत आमच्या घरी काहीच वाजलं न्हाई."