सात नंबरची जागा

टोपीतली चिठ्ठी उघडली आणि अर्नीचं तोंड उतरलं. सात नंबर.

"नशीब काढलंस लेका!" ट्रेव्हर म्हणाला. तो मासेमारी क्लबाचा सेक्रेटरी, टोपीही त्याचीच. "यंदाचा कप तुझा. दे तो पेटारा इकडे, मी नेतो. तुझा अल्सर दुखेल."

गिरणीचं कोमट पाणी कालव्यात पडतं ते सात नंबरपाशी. ऑक्टोबर सरत आला की सगळे मासे तिथेच गोळा होतात. एरवी या जागेसाठी अर्नीने देव पाण्यात ठेवले असते. आज मात्र त्याला ती नको होती. आज कप हेडलीला मिळायला हवा होता.

मागच्या रविवारी अर्नी परसातून घरात आला, तर स्वयंपाकघरात हेडली आणि मेव्हिस समोरासमोर बसलेले. मेव्हिस डोळे पुसत होती. मधे टेबलावर तिने डॉक्टरांकडून नुकतंच आणलेलं अर्नीचं अल्सरचं औषध. हेडली टोपी उचलून चालता झाला.

"काय झालं?" अर्नीने बायकोला विचारलं.

मेव्हिसने हेडलीची खुर्ची आत सरकवली. मग म्हणाली, "हेडलीचं काही खरं नाही रे. डॉक्टर म्हणतात, वसंत ऋतू काही दिसायचा नाही त्याला. पण तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

हेडली आणि अर्नी शाळेपासूनचे. एकाच गिरणीत राबले, एकाच कालव्यावर थंडी खाल्ली. कप मात्र दोघांपैकी एकालाही कधी मिळाला नाही. क्लबात त्यावरून यथेच्छ टिंगल चालायची. अर्नीला त्या रात्री झोप लागली नाही. मित्रासाठी दुसरं काय करता येणार होतं? निदान एवढं तरी.

शिट्टी झाली. बारा काठ्या पाण्यावर आडव्या झाल्या. गार वारा कोटाच्या आत शिरत होता. अर्नीने सवयीने दोन अळ्या जिभेखाली धरून गरम केल्या, एक गळाला लावली आणि मुद्दाम भलतीकडे, उथळात टाकली.

दोरीवरचा तरंगा लगेच बुडाला. तळहातापेक्षा मोठा ब्रीम मासा. पकडलेले मासे पाण्यात सोडलेल्या जाळीच्या लांब पिशवीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळे सोडून द्यायचे, अशी रीत. अर्नीने इकडेतिकडे पाहिलं, हात पाण्यात घातला आणि मासा पिशवीच्या बाहेरच सोडून दिला.

पुढचाही तसाच आला. त्याच्या पुढचाही. अर्नी रडकुंडीला आला. त्याने गळ मोठा लावला, अळी अर्धी कुस्करली, तरी मासे काही ऐकेनात. जन्मभर ज्यांनी तोंड फिरवलं, ते आज आपण होऊन दारात येत होते.

आठ नंबरवर हेडली होता. मधे एक जुनी होडी बांधलेली, त्यामुळे फक्त त्याची टोपी आणि काठीचं टोक दिसायचं.

"काय रे, लागतंय का काही?" अर्नीने हाक मारली.

"छे! शेपूटसुद्धा नाही. तुझं?"

"माझंही तेच."

अर्नी मनात हसला. ज्याची पिशवी भरते तोच जास्त रडतो, हा या काठाचा जुना धर्म. शिवाय होडीपलीकडून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज थोड्या थोड्या वेळाने येतच होता. म्हणजे हेडलीला भरपूर मिळत होतं. अर्नीचे बधिर झालेले हातही जरा ऊबदार वाटू लागले.

दुपारी ट्रेव्हर आपली जागा सोडून चहा घेऊन आला. हा माणूस स्पर्धेत जागेवरून कधी हलत नसे.

"भरली की नाही पिशवी?" त्याने हळूच विचारलं.

"कसली भरते! आज माझं काही खरं नाही."

ट्रेव्हरने डोळा मारला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तो परत गेला.

शेवटची शिट्टी झाली. ट्रेव्हर वजनकाटा घेऊन पहिल्या जागेपासून निघाला. पहिली पिशवी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी, चौथीही.

"काय ही थंडी!"

"मासे झोपलेत."

सगळ्यांची हीच रड, पण तोंड एकाचंही पडलेलं नव्हतं. ज्याचं वजन झालं तो ट्रेव्हरच्या मागोमाग चालू लागे. सात नंबरशी घोळका आला, तेव्हा ट्रेव्हर म्हणाला, "तुझं शेवटी," आणि तो पुढे गेला.

हेडलीने पिशवी उचलली. तिच्यातून नुसतं पाणी गळलं.

आता काहीच करता येणार नव्हतं. दिवसभरात हातून गेलेला एक मासाही परत आणता येणार नव्हता.

बाराव्या जागेपर्यंत जाऊन सगळे परतले आणि त्याच्याभोवती उभे राहिले. कोणीतरी टाळ्यांसाठी हातमोजेसुद्धा काढले होते.

"दाखव बघू राजा," ट्रेव्हर म्हणाला.

अर्नीने पिशवी वर काढली. तीही रिकामीच होती.

हेडलीच पुढे झाला. "मासे कुठे गेले, अर्नी? तुझी काठी वाकताना डोळ्यांनी पाहिलीय मी. दिवसभर."

"सोडले! आणि तू? तुझ्याकडचा आवाज ऐकत होतो मी!"

"मीही सोडले," हेडली पुटपुटला.

"मी तुझ्यासाठी सोडले रे, गाढवा!" अर्नीचा बांध फुटला. "मेव्हिसने सांगितलंय मला सगळं. डॉक्टर काय म्हणाले ते. वसंताचं. एकदा तरी तुझ्या हातात कप बघायचा होता मला."

घोळक्यातल्या एकाने टोपी काढली. ट्रेव्हरने काटा गवतावर ठेवला आणि तो पाण्याकडे पाहत राहिला.

"अर्नी," हेडली म्हणाला आणि त्याने अर्नीचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, "मी वर्षभरात डॉक्टरचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही रे."