काचेची पट्टी

भूकंपानंतर पुलाच्या खांबाला केसाएवढी भेग पडली होती. भेग रुंदावली तर लगेच कळावं, म्हणून इंजिनिअरबाईंनी तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवली. पट्टी रोज तुटायची, रोज नवी लावावी लागायची. "पूल बंद करू या," हे शब्द रोज ओठांवर यायचे आणि साहेबांचा चेहरा बघून बाई ते गिळायच्या.

आज पट्टी अख्खी होती, पण तिच्या शेजारीच भेगेत बाईंचं नख सहज शिरलं. वरून भरलेली बस गेली.

"प्लास्टिकची लावून घेतली," साहेबांनी टाळीसाठी हात पुढे केला. "रोजची कटकट मिटली. डोकं चालवावं लागतं, बाई."

बाईंना त्या हाताची शिसारी आली. त्यांनी मान वर करून कठड्याजवळच्या पोलिसाला हाक मारली.


"दादा, पूल बंद करा."