कबुतरांची सीडी

"कुणाला खरं वाटणार नाही, पण या ड्राइव्हनं म्हशीनं चघळलेली सीडीसुद्धा वाचलीय!" कोलतेअप्पा म्हणाले. दुकानातला हा शेवटचा ड्राइव्ह आज खपवायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता.

सुलभावहिनींनी पिशवीतून लग्नाची सीडी काढली. कबुतरं हाकलायला ती पाच वर्षं बाल्कनीत टांगलेली होती. "ही वाचली, तर घेते."

बोलण्याच्या भरात अप्पांनी चाचणीची कळ दाबली. ड्राइव्हमध्ये त्यांची नेहमीची करकरीत सीडी आधीच बसलेली होती. पडद्यावर वेगाचा आलेख सरसर चढला.

"अठ्ठेचाळीसपट वेग, चूक एकही नाही! तुमच्या ह्यांचा फेटा काय लख्ख दिसतोय, वहिनी!"

"थापा पुरे, अप्पा," वहिनी म्हणाल्या. "सीडी अजून माझ्याच हातात आहे."