पासवर्डची रिकामी जागा

"बारा ओळी?" अमरेशनं पुन्हा विचारलं.

"बाराच, अण्णा. मोजा की," अक्षता म्हणाली आणि खुर्ची सरकवून तिनं त्याला स्क्रीनसमोर जागा करून दिली.

त्यानं खरंच मोजल्या. कंपनीच्या डिरेक्टरीला जोडायचं, ओळख दाखवून आत शिरायचं, ज्यांच्या नावात 'शिव' आहे ते शोधायचे आणि यादी छापायची. खाली एकसष्ट नावं आली होती. सोलापुरातला टॉवेलचा कारखाना म्हटल्यावर एवढे शिव निघणारच. पण हेच करायला सात वर्षांपूर्वी अमरेशनं दोनशे ओळी लिहिल्या होत्या, आणि अख्खा श्रावण त्यात गेला होता. ही पोरगी सोमवारी सकाळी अक्कलकोटहून एसटीनं आली, जावाची ती नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, उतरवून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीआधी मोकळी झाली.

"तुमचं जुनं पान शेजारी ठेवूनच शिकतेय, अण्णा," ती म्हणाली.

डिरेक्टरी म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांची एकच यादी. नाव, खातं, मोबाईल, पासवर्ड. कामगार हजेरी नि रजा बघायला संगणकावर नाव टाकतो, तेव्हा ही यादीच हो किंवा नाही म्हणते. ते लॉगिनचं निळं पान अमरेशनं बनवलेलं. तळाशी बारीक अक्षरांत त्यानं हौसेनं स्वतःचं नावही टाकलं होतं. आता तेच पान अक्षता नव्यानं लिहीत होती.

शुक्रवारी ते मालकांना, शिवयोगी सरांना दाखवायचं होतं. संगणक विभागाला प्रमुख नेमायचा होता आणि विभागात माणसं दोनच. "शुक्रवारी बघून ठरवू," एवढंच सर म्हणाले होते. अक्षताला मात्र त्यांनी बजावलं होतं, "रंगरूप जुन्यासारखंच ठेव गं. लोक बावचळायला नकोत."

तेव्हापासून अमरेशच्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगायचं तर तो जळत होता. डब्यातली शेंगाचटणी त्याला कडू लागायची. कुणी "मॅडम लई हुशार हायत" म्हणालं की तो उगीच प्रिंटरमधला कागद बघायला उठायचा. अकरा वर्षं खुर्ची झिजवली आपण, आणि कालची आलेली ही आपल्यावर साहेब होणार?

मंगळवारी सकाळी अंघोळीच्या आधी त्यानं घरीच त्या लायब्ररीची सुरुवातीची माहिती वाचायला घेतली. शेवटी एका चौकटीत इशारा होता. पासवर्डची जागा रिकामी सोडली तर डिरेक्टरी नाही म्हणत नाही. बिननावाचा पाहुणा समजते आणि 'हो' सांगून मोकळी होते. म्हणून रिकामा पासवर्ड आपण आधीच अडवायचा, नाहीतर कुणीही कुणाच्याही नावानं आत शिरेल.

अमरेशला हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्याला लगेच अक्षता आठवली. ही हमखास इथंच आपटणार. पाणी निवलं तरी तो खुशीत बसून होता.

त्याच दिवशी चहाला तिनंच विषय काढला.

"अण्णा, पासवर्ड रिकामा सोडला तर काय होतं हो?"

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"काय होणार? आत सोडत न्हाय."

"नक्की?"

"सात वर्षं हेच करतोय की मी."

"तुम्ही एकदा करून बघता का? शुक्रवारच्या आधी."

"तुझं काम तू बघ. मला कशाला मधे घेतीस?"

"तसं न्हाय, अण्णा," ती म्हणाली. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

गुरुवारी ती जेवायला गेल्यावर तो तिच्या जागेवर बसला. समोर निळं पान उघडंच होतं. त्यानं आपलं नाव टाकलं, पासवर्डची जागा रिकामी ठेवली आणि एंटर दाबलं. त्याच्या रजांचा हिशेब समोर आला. त्यानं पटकन पान पूर्ववत केलं. त्या दिवशी चटणी गोड लागली.

शुक्रवारी सर आले, बसले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निळं पान दिसत होतं. अक्षता बोलायला उभी राहिली, तेवढ्यात अमरेशनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"सर, आधी मी एक दाखवतो."

"अण्णा, थांबा. ते..."

"दोन मिनिटं गप बस गं."

त्यानं सरांचं नाव टाकलं, बाकी जागा रिकामी, आणि एंटर. सरांचा मोबाईल, घरचा पत्ता, सगळं पडद्यावर उघडं पडलं.

"पासवर्ड टाकलाच नाही, सर. उद्या कुणीही तुमच्या नावानं शिरेल. नवशिक्याच्या हातनं असं होतं. पण प्रमुख होणाऱ्याला हे आधी दिसायला हवं."

सरांचा चेहरा उतरला. "बरोबर बोललास. हे ज्यानं लिहिलं त्याच्या हातात विभाग द्यायचा नाही."

"मी तेच म्हणतोय, सर."

"अक्षता, तुझ्या लक्षात आलं नव्हतं हे?"

"आलं होतं, सर. सोमवारीच."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं अमरेशकडे पाहिलं. "विचारलं होतं, सर. मंगळवारी."

मग तिनं माउस हातात घेतला आणि ते निळं पान बाजूला सरकवलं. त्याच्यामागे तसंच दुसरं निळं पान होतं. तिनं त्यात सरांचं नाव टाकलं, पासवर्ड रिकामा ठेवला आणि एंटर दाबलं. लाल ओळ आली: पासवर्ड टाका.

"माझं हे, सर," ती हळूच म्हणाली.

सरांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ गेले आणि बाजूला सरकवलेल्या पानाच्या तळाची बारीक ओळ मोठ्यानं वाचली.

"निर्मिती, अमरेश बिराजदार."